विश्लेषण : क्षयरोगाचे जंतू गेले, तरी थकवा का जात नाही? थायरॉइड तपासणी का महत्त्वाची?

क्षयरोगाची औषधे लागू पडली की खोकला कमी होतो, ताप उतरतो, भूक परतते आणि वजन वाढू लागते. मात्र औषधांना दाद न देणाऱ्या, म्हणजे औषधप्रतिरोधी क्षयरोगाच्या काही रुग्णांमध्ये दोन-तीन महिन्यांनंतर वेगळेच चित्र दिसते. थुंकीतील जंतू नाहीसे होतात, वजनही वाढते; पण चेहरा सुजल्यासारखा दिसतो, अंग जड पडते, आवाज घोगरा होतो, दिवसभर झोप येते आणि कामात मन लागत नाही. ‘आजारच मोठा होता, अशक्तपणा राहणारच’ अशी घरच्यांची समजूत असते. पण हा अशक्तपणा क्षयाचा नसून औषधांमुळे मंदावलेल्या थायरॉइड ग्रंथीचा असू शकतो. हा दुष्परिणाम वैद्यकशास्त्राला अनेक दशकांपासून ठाऊक आहे. रक्ताच्या एका चाचणीत तो सापडतो आणि रोजच्या एका स्वस्त गोळीने आटोक्यात येतो. त्यामुळे तो निसटला, तर ती औषधशास्त्राची नव्हे, पाठपुराव्याची उणीव ठरते. अहिल्यानगरसारख्या विस्तीर्ण आणि हंगामी स्थलांतराच्या जिल्ह्यात या उणिवेची किंमत अर्धवट सुटलेल्या उपचाराने मोजावी लागू शकते.

थायरॉइड ग्रंथी नेमके काय करते?

गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ही छोटी ग्रंथी असते. रक्तातील आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. शरीरातील पेशींनी किती वेगाने काम करायचे, हे या संप्रेरकावर अवलंबून असते. ते कमी पडले की हृदयाचे ठोके, पचन, विचार, हालचाल असे सगळेच संथ होते. थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठता होते, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, स्त्रियांची मासिक पाळी बिघडते. अनेकांना उदासी घेरते.

थायरॉक्सिन कमी पडल्याचे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीच्या लक्षात येते आणि ती ‘टीएसएच’ हे दुसरे संप्रेरक जास्त प्रमाणात सोडू लागते. थायरॉइडला ‘काम वाढव’ असा तो आदेश असतो. म्हणूनच रक्तातील टीएसएच वाढलेले दिसले की थायरॉइड मंदावली, असा अर्थ काढला जातो. सतत आदेश येत राहिल्याने ग्रंथी फुगते आणि काही रुग्णांमध्ये गळ्यावर गाठ दिसू लागते. यालाच गलगंड म्हणतात.

कोणत्या औषधांमुळे हे घडते?

यात प्रामुख्याने दोन औषधे आहेत. एक एथिओनामाइड आणि त्याचे भावंड प्रोथिओनामाइड, तर दुसरे पॅरा-अमिनोसॅलिसिलिक अॅसिड, म्हणजेच ‘पास’. पास हे क्षयरोगावरील अगदी पहिल्या औषधांपैकी एक. स्वीडनमधील यॉर्गेन लेमन यांनी १९४०च्या दशकात ते पुढे आणले. एथिओनामाइड १९५०च्या दशकातले. नेहमीच्या औषधांना जंतू जुमानत नसतील, तेव्हा ही औषधे वापरली जातात.

एथिओनामाइडची रासायनिक रचना कार्बिमाझोलसारख्या औषधांशी जवळचे नाते सांगणारी आहे. थायरॉइड प्रमाणाबाहेर काम करत असेल, तर तिला आवर घालण्यासाठी डॉक्टर कार्बिमाझोल देतात. म्हणजे एका आजारात थायरॉइडला मुद्दाम रोखण्यासाठी जे केले जाते, तेच क्षयरोगाच्या उपचारात नकळत घडते. ग्रंथीत शिरलेले आयोडीन प्रथिनाला जोडले जाण्याच्या टप्प्यावरच हे औषध अडथळा आणते. पासही याच टप्प्यावर घाव घालते. दोन्ही औषधे एकत्र दिली की परिणाम वाढतो.

हा दोष खाण्यातील आयोडीनच्या कमतरतेचा नसतो. आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन तो भरून निघत नाही. उलट मीठ वाढवल्याने रक्तदाबाचा त्रास मात्र मागे लागू शकतो.

मुंबईतील अभ्यासातून काय समोर आले?

महाराष्ट्रातील या प्रश्नाचा ठोस पुरावा मुंबईतून आला. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मुंबईतील दवाखान्यात एचआयव्ही आणि बहुऔषधप्रतिरोधी क्षयरोग असे दोन्ही आजार असलेल्या रुग्णांवर उपचार होत. ऑक्टोबर २००६ ते मार्च २०१३ या काळातील रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासात घेतलेल्या ६९ रुग्णांपैकी ३७ जणांमध्ये, म्हणजे ५४ टक्के रुग्णांत, उपचारादरम्यान थायरॉइड मंदावल्याचे आढळले. पास आणि एथिओनामाइड एकत्र घेणाऱ्यांमध्ये हा धोका जवळपास दुप्पट होता.

आफ्रिकेतील लेसोथो या देशातील अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. तिथे बहुऔषधप्रतिरोधी क्षयरोगाच्या १८६ रुग्णांपैकी ६९ टक्के रुग्णांमध्ये किमान एकदा तरी टीएसएच १० च्या वर गेले होते. निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये हा बिघाड उपचाराच्या पहिल्या सुमारे तीन महिन्यांतच नोंदला गेला. दोन्ही अभ्यास त्या काळातील औषधयोजनांवर आधारित आहेत, त्यामुळे तेच प्रमाण आजच्या प्रत्येक रुग्णाला लागू होत नाही. पण ही औषधे घेणाऱ्यांमध्ये थायरॉइडचा बिघाड अपवादाने होतो, हा समज या आकड्यांनी खोटा ठरवला.

मुंबईच्या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. वय किंवा लिंग यांचा या बिघाडाशी संबंध आढळला नाही. आपल्याकडे थायरॉइड म्हणजे ‘बायकांचा आजार’ असा समज रूढ आहे. पुरुष रुग्णाची ही चाचणी करण्याचा विचारही त्यामुळे उशिरा होतो.

लक्षणे असूनही बिघाड निसटतो कसा?

थायरॉइड मंदावल्याचे जवळपास प्रत्येक लक्षण क्षयरोगाच्या खात्यावर सहज जमा होते. थकवा आजाराचा मानला जातो. त्वचेतील बदल औषधांचा ‘रंग’ म्हणून सोडून दिला जातो. क्लोफाझिमीन या औषधाने त्वचा खरोखरच काळवंडते. उदासीसाठी सायक्लोसेरिनकडे बोट दाखवले जाते आणि तेही चूक नसते, कारण त्या औषधाचा मनावर परिणाम होतो. मळमळ आणि तोंडाची बिघडलेली चव एथिओनामाइडमुळेच असते.

सर्वात फसवे लक्षण वजनाचे. क्षयरोग म्हणजे खंगणे, हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या मनात घट्ट बसले आहे. त्यामुळे रुग्णाचे वजन वाढले की घर आनंदते आणि आरोग्य कर्मचारीही समाधानाने नोंद करतो. बहुतेक वेळा हा आनंद रास्त असतो. पण वजनाबरोबर चेहऱ्यावर सूज, सुस्ती आणि थंडी सोसेनाशी होणे अशी लक्षणे दिसत असतील, तर त्या वाढीमागे थायरॉइड असू शकते. वजनकाटा हा फरक सांगू शकत नाही, तो रक्ततपासणीतच कळतो.

नेहमीच्या सहा महिन्यांच्या उपचारात काळजी नको का?

बहुसंख्य क्षयरुग्णांना आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे दिली जातात. त्यांत एथिओनामाइड किंवा पास नसते. त्यामुळे या रुग्णांनी थायरॉइडच्या धास्तीने गोळ्या चुकवण्याचे कोणतेही कारण नाही. या औषधांबाबत लक्ष ठेवायचे ते मुख्यतः यकृत, नजर आणि हातापायांच्या मुंग्यांकडे.

अपवाद आहे तो आधीपासून थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांचा. रिफॅम्पिसिन यकृतातील विकरांचा वेग वाढवते आणि शरीर थायरॉक्सिन नेहमीपेक्षा लवकर संपवू लागते. वर्षानुवर्षे ठरावीक मात्रेवर स्थिर असलेल्या व्यक्तीला ती मात्रा अचानक अपुरी पडू शकते. म्हणून रिफॅम्पिसिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी टीएसएच तपासून मात्रा वाढवावी लागू शकते आणि क्षयाचा उपचार संपल्यावर ती पुन्हा कमी करावी लागू शकते. ती तशीच राहिली, तर छातीत धडधड, हातांना थरथर असा उलटा त्रास होतो. थायरॉइडची गोळी खासगी डॉक्टरकडून आणि क्षयाची औषधे सरकारी केंद्रातून घेणाऱ्या रुग्णाने दोन्हीकडे दोन्ही औषधांची नावे सांगणे एवढाच यावरचा साधा उपाय आहे.

नवी औषधयोजना आल्याने हा प्रश्न संपला का?

बऱ्याच अंशी कमी झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांची, सुमारे सहा महिन्यांची ‘बीपाल्म’ योजना मंजूर केली. तीत एथिओनामाइड आणि पास दोन्ही नाहीत. दीड-दोन वर्षे मूठभर गोळ्या आणि पूर्वी तर रोजची इंजेक्शने सोसणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत हा मोठा दिलासा आहे.

पण ही योजना सर्वांसाठी नाही. १४ वर्षांखालील मुले, गर्भवती तसेच मेंदूच्या किंवा हाडांच्या क्षयाचे रुग्ण यांना ती दिली जात नाही. त्यांच्यासाठी इतर योजना वापराव्या लागतात. बेडाक्विलिनसह नऊ ते अकरा महिन्यांच्या योजनेत एथिओनामाइडचा वापर होत आला आहे. दीर्घ मुदतीच्या योजनेत एखादे मुख्य औषध सोसत नसेल किंवा लागू पडत नसेल, तर एथिओनामाइड किंवा पास हे पर्याय म्हणून पुढे येतात. गर्भवतींमध्ये एथिओनामाइड टाळले जाते. मुलांमधील मेंदूच्या क्षयासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सुचवलेल्या सहा महिन्यांच्या पर्यायी उपचारात मात्र एथिओनामाइड आहे.

मुलांचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण वाढत्या वयात थायरॉक्सिनवर उंचीही अवलंबून असते आणि बुद्धीची वाढही. एथिओनामाइड घेणाऱ्या मुलांमध्ये थायरॉइडच्या चाचण्या बिघडत असल्याचे दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या अभ्यासात २०११ मध्येच दिसले होते. आधीच मेंदूच्या आजारातून उठणारे मूल सुस्त दिसले, तर ते आजारामुळे की थायरॉइडमुळे, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

यातून एक नवाच धोका उभा राहतो. एथिओनामाइड घेणारे रुग्ण जितके विरळ होत जातील, तितकी डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांची या दुष्परिणामाशी ओळख पुसट होईल. पूर्वी एखाद्या केंद्रावर असे दहा रुग्ण असत, तिथे आता एखादाच असेल. त्या एकाची चाचणी विसरली जाण्याची शक्यता दहांपेक्षा जास्त असते.

अहिल्यानगर जिल्ह्यात अडचण कुठे येऊ शकते?

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वात मोठा जिल्हा. १४ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांहून अधिक लोकसंख्या. वायव्येला अकोले तालुक्यातील सह्याद्रीचा आदिवासी पट्टा, तर आग्नेयेला जामखेडचा दुष्काळी भाग. क्षयाच्या गोळ्या तालुक्यापर्यंत आणि आशा कार्यकर्तीमार्फत गावापर्यंत पोहोचतात. रक्ताच्या चाचणीचे तसे नाही. नमुना द्यायला रुग्णाला जावे लागते किंवा नमुना गोळा करून पुढे पाठवावा लागतो; अहवाल परत येतो आणि तो योग्य डॉक्टरच्या हाती पडला तरच मात्रा ठरते. या साखळीतील एक कडी जरी तुटली, तरी केलेली चाचणी न केल्यासारखीच.

दुसरी अडचण हंगामाची. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. त्याच वेळी जिल्ह्याच्या उत्तर भागातील साखर कारखान्यांच्या परिसरात बाहेरून कोयते येतात. म्हणजे हा जिल्हा मजूर पाठवणाराही आहे आणि घेणाराही. ‘निक्षय’ पोर्टलमुळे रुग्णाची नोंद दुसऱ्या ठिकाणी वर्ग करता येते आणि औषधे तिथे मिळू शकतात. पण गाडीवानाच्या पाठीमागे फडातून फडात फिरणाऱ्या मजुराची तीन महिन्यांनी होणारी रक्ततपासणी कोणी करायची, हा प्रश्न उरतोच. उचल घेतलेल्या मजुराला एका दिवसाची सुट्टीही महाग पडते. पहाटे उठून ऊस तोडणारा माणूस ‘अंगात बळच नाही’ म्हणू लागला, की टोळीत त्याची गणना कामचुकारात होते. तो स्वतः त्याचा दोष गोळ्यांना देतो आणि गोळ्या बंद करतो. औषधप्रतिरोधी क्षयाच्या बाबतीत याचा अर्थ जंतूंना आणखी बळ मिळणे आणि कोपीतल्या इतरांना संसर्गाचा धोका होणे, असा होतो.

थायरॉइड बिघडले तर क्षयाची औषधे थांबवावीत का?

नाही. रुग्णाने स्वतःहून एकही गोळी बंद करू नये. बहुतेक रुग्णांमध्ये क्षयाचा उपचार तसाच सुरू ठेवून सोबत लिव्होथायरॉक्सिनची गोळी दिली जाते. टीएसएच साधारण १० च्या वर गेले की ही गोळी सुरू करण्याची पद्धत आहे. त्याखालच्या किंचित वाढीत लक्षणे पाहून निर्णय होतो आणि चाचणी पुन्हा केली जाते. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या आणि ही गोळी यांत सुमारे चार तासांचे अंतर हवे, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. मात्रा डॉक्टरच ठरवतात. मुले, वृद्ध आणि हृदयविकाराचे रुग्ण यांच्यात ती विशेष जपून ठरवावी लागते.

दिलाशाची बाब म्हणजे हा बिघाड बहुधा कायमचा नसतो. एथिओनामाइड किंवा पास बंद झाल्यावर काही आठवड्यांत ते महिन्यांत ग्रंथी पूर्ववत होते आणि थायरॉइडची गोळीही थांबवता येते. जुन्या उपचारातील इंजेक्शनांमुळे गेलेली श्रवणशक्ती परत येत नसे. त्या तुलनेत हा दुष्परिणाम पूर्णपणे हाताळता येण्याजोगा आहे. त्यामुळेच तो न सापडणे अधिक खटकते.

‘आधीच कामाचा ताण, त्यात हे कशाला’ या आक्षेपात तथ्य आहे?

क्षयरोग यंत्रणेवरील ताण खरा आहे. रुग्ण शोधायचे, थुंकी तपासायची, घरातील इतरांना प्रतिबंधक उपचार द्यायचे, पोषणासाठीचे पैसे खात्यात जातात का ते पाहायचे, अशी कामांची यादी लांब आहे. ‘क्षयाने माणूस मरतो, थायरॉइडने नाही,’ असा युक्तिवादही केला जातो. पण औषधप्रतिरोधी क्षयाचे रुग्ण एकूण रुग्णांच्या तुलनेत थोडे आणि त्यांतही एथिओनामाइड किंवा पास घेणारे आणखी थोडे. त्यांची टीएसएच चाचणी उपचारापूर्वी एकदा आणि नंतर ठरावीक अंतराने करणे हे यंत्रणेला न पेलणारे ओझे नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये उपचारापूर्वीच्या तपासण्यांत टीएसएचचा समावेश आहेच. म्हणजे नवा नियम करायचा नसून असलेला पाळायचा आहे.

दुसरा आक्षेप असा, की दुष्परिणाम सांगितले तर रुग्ण घाबरून उपचार सोडतील. अनुभव सहसा उलटा असतो. काय होऊ शकते आणि झाले तर काय करायचे, हे आधी सांगितलेला रुग्ण त्रास सुरू झाल्यावर केंद्राकडे येतो. न सांगितलेला रुग्ण गोळ्या बाजूला ठेवतो.

मग करायला काय हवे?

पहिली गोष्ट, औषधप्रतिरोधी क्षयाच्या प्रत्येक रुग्णाच्या उपचारपत्रिकेवर ‘एथिओनामाइड किंवा पास आहे का’ आणि ‘टीएसएच पुढे कधी’ या दोन नोंदी ठळक हव्यात. दुसरी, आशा आणि उपचार पर्यवेक्षकांनी भेटीत खोकला व वजनाबरोबर थंडी सोसते का, बद्धकोष्ठता आहे का, झोप वाढली का, गळ्यावर सूज आहे का, असे चार प्रश्न विचारावेत. त्यासाठी यंत्र लागत नाही. तिसरी, ऊसतोडीला निघणाऱ्या रुग्णाची चाचणी टोळी निघण्यापूर्वीच उरकावी आणि पुढची चाचणी कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राकडे नाव व तारखेसह सोपवावी. हंगामी मजुरांसाठी आरोग्य शिबिरे घेणाऱ्या कारखान्यांनाही यात हातभार लावता येईल. चौथी, जिल्ह्याच्या आढावा बैठकीत किती रुग्ण सापडले आणि किती बरे झाले याबरोबरच किती जणांची टीएसएच चाचणी वेळेत झाली, हाही आकडा मांडला जावा. जे मोजले जाते, तेच केले जाते.

रुग्णांनाही काही गोष्टी करता येतील. आपल्या पाकिटातील औषधांची नावे विचारून घ्यावीत. थकवा, सूज, घोगरा आवाज किंवा उदासी वाढत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता केंद्रात सांगावे. निक्षयच्या १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर माहिती मिळते, तर औषधांच्या दुष्परिणामाची तक्रार भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्ण स्वतःही नोंदवू शकतो.

थुंकी निर्जंतुक झाली की कागदावर रुग्ण बरा होतो. तो शेतात, फडात, शाळेत पुन्हा उभा राहिला का, हे कागद सांगत नाही. क्षयमुक्तीची मोजणी करताना हा दुसरा प्रश्नही विचारला गेला पाहिजे आणि टीएसएचची चाचणी ही त्याची अगदी स्वस्तातली सुरुवात आहे.